अर्ध्या किलोचा ट्रिगर

ढवळे सर नव्या माणसाशी हात मिळवत नसत, ते त्याची तर्जनी धरत. पहिल्या भेटीत त्यांनी माझं बोट चिमटीत पकडून वाकवलं, सोडलं, पुन्हा वाकवलं, आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाले, "दिवसभर माऊस दाबता व्हय? पार बधिर झालंय बोट." मी बँकेत कारकून आहे. हे कळल्यावर त्यांनी मला 'मॅनेजर' म्हणायला जी सुरुवात केली, ती शेवटपर्यंत. एकदा तर बँकेत येऊन खऱ्या मॅनेजरसमोर तशी हाक मारली आणि मला कुठे तोंड लपवावं ते कळेना.

सर मूळचे मिरजगावचे. नगरच्या एका शाळेतून खेळाचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि केडगावात कांद्याची एक बंद पडलेली वखार भाड्याने घेऊन तिथे त्यांनी एअर पिस्तुलाची रेंज काढली. दहा मीटरवर कागदाची लक्ष्यं, मध्ये जुने सतरंजीचे तुकडे, आणि हवा दमट झाली की भिंतींतून अजूनही येणारा कांद्याचा वास. आमच्यातला एकजण राज्य स्पर्धेला गेला तेव्हा तिथल्या गुळगुळीत हॉलमध्ये त्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. आम्ही सांगितलं, कांदा नाही ना तिथे!

मी गेलो तेव्हा नवंकोरं पिस्तूल घेऊन गेलो होतो आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून माझं डोकं स्प्रिंगांनी भरलेलं होतं. मला परदेशी स्प्रिंगचा संच हवा होता, नवा ट्रिगर हवा होता, सगळं लोण्यासारखं मऊ हवं होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग मला छर्रा न घालता भिंतीसमोर उभं केलं आणि पंधरवडाभर नुसता ट्रिगर दाबायला लावला. मी कुरकुर केली की म्हणत, "मॅनेजर, आधी बोटाला इचारा त्याला काय हवंय. तुमी दुकानदाराला इचारून आलाय."

त्यांच्याकडे स्प्रिंगा होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्यांत असत आणि ते त्या माणूस बघून देत. ट्रिगरला दोन टप्पे असतात. आधी थोडी सैल ओढ, मग एक अडसर लागतो, तो ओलांडला की छर्रा सुटतो. रागीट माणसाला सर अडसराची स्प्रिंग कडक देत. विचार करत बसणाऱ्याला नरम. मला सगळ्यात कडक दिली. मी म्हटलं, "सर, मी कुठे रागीट आहे?" तर म्हणाले, "रागीट न्हाई, घाबरट हाय. घाबरटाला हलका ट्रिगर दिला की तो छर्रा आधी सोडतो आन् नेम मागनं धरतो." मला राग आला, पण सहा महिन्यांत माझे गुण वाढले, तेव्हा गप्प बसलो.

एका बाबतीत मात्र त्यांच्याकडे माणूस बघणं नव्हतं. स्पर्धेआधी प्रत्येक पिस्तुलाची परीक्षा होते. नळी वर करून ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन अडकवतात आणि हळूच उचलतात. वजन हवेत लटकलं पाहिजे. 'टक' वाजून ट्रिगर सुटला, तर तो नियमापेक्षा हलका आहे, पिस्तूल परत. जिल्ह्याच्या स्पर्धांना त्या टेबलावर कित्येक वर्षं सर स्वतः बसत. भिंगारची सुरेखा ही त्यांची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. एकदा तिचं पिस्तूल त्यांनी परत पाठवलं आणि ती रडत बाहेर गेली. मागाहून त्यांनीच तिला चहा पाजला. "टेबलापाशी मी कुनाचा सर न्हाई," एवढंच म्हणाले. पुढे पंच होऊन तीच त्या टेबलावर बसू लागली, याचा त्यांना केवढा अभिमान होता! रेंजवर येणाऱ्या जाणाऱ्याला ते ऐकावंच लागे.

मग त्यांचा आजार आला. नसांचा होता, पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं आणि औषध नाही म्हणून सांगितलं. हातांतली शक्ती जायला लागली. सगळ्यांत आधी गेली ती उजव्या तर्जनीतली. शर्टाची बटणं त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, लावू लागल्या, त्याचं सरांना विशेष काही वाटलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत ज्येष्ठांच्या गटात एकदा उभं राहायचं, नियमात बसणाऱ्या पिस्तुलाने उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती. बाटल्या एकेक करून उघडल्या गेल्या. कडक स्प्रिंग काढून मधली घातली, मग नरम, मग त्याहून नरम. शेवटी ट्रिगरचा ताण कमीजास्त करणाऱ्या बारक्या स्क्रूवर येऊन थांबलं. अर्ध्या किलोच्या खाली जायचं नाही आणि बोटाची ताकद तर रोज थोडी थोडी खाली चाललेली.

स्क्रू फिरवायला त्यांना कुणाचे तरी हात हवे होते. आम्ही सगळे तयार होतो, पण त्यांनी ते काम काकूंना दिलं. शालनकाकू त्या पिस्तुलाला आयुष्यभर 'माझी सवत' म्हणत आल्या होत्या आणि रेंजवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आता चष्मा लावून, स्वयंपाकघराच्या ओट्यावर फडकं अंथरून त्या बारीक पेचकस चालवायच्या. सर सांगायचे, "अर्धा फेरा. आता वजन लाव. थांब, थांब." काकू म्हणायच्या, "थांबले की. तुमचंच त्वांड थांबत न्हाई." मी एकदोनदा ते बघत बसलो होतो. दोघं इतकी आनंदात होती की मला तिथे बसणं जड झालं.

स्पर्धा भिंगारच्या एका हॉलमध्ये होती. काकू प्रथमच आल्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, डब्यात शिरा घेऊन. टेबलावर सुरेखा. तिने मान वर न करता सरांचं पिस्तूल घेतलं, नळी वर केली, वजन अडकवलं आणि उचललं. टक वाजलं.

तिने पुन्हा लावलं. पुन्हा टक.

सरांनी काकूंकडे पाहिलं आणि मलाही कळलं. आदल्या संध्याकाळी माझ्यादेखत घरी भिंतीवरच्या ठिपक्यावर सराव करताना सरांचं बोट अडसरापाशी अडून बसलं होतं. ते झोपल्यावर काकूंनी स्क्रू जरासा सैल केला असणार, कुणाला न सांगता. वजन लावून बघायचं त्यांना सुचलंही नसेल. त्यांना फक्त ते बोट दिसत होतं.

सर टेबलाला म्हणाले, "चूक माझी हाय. दुरुस्त करून आनतो." सुरेखाचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली, "वेळ आहे, करून आणा." तिने 'सर' म्हटलं नाही. सरांना बरं वाटलं असावं, त्यांनी मान डोलावली. मी पेचकस घ्यायला पुढे झालो तर म्हणाले, "मॅनेजर, तुमी ऱ्हावा. शालन, तूच पिळ."

काकूंनी पिळला. त्या पुरता अर्धा किलो होईपर्यंत पिळत राहिल्या. या वेळी वजन लटकून राहिलं.

सरांची जागा डाव्या कोपऱ्यात होती. सुरुवातीचा इशारा झाला. त्यांनी हात उचलला, नेम धरला, आणि हात तसाच खाली आणला. पुन्हा उचलला. शेजारी छर्रे कागदांत घुसत होते. सरांचं बोट ट्रिगरवर होतं, सैल ओढ संपत होती आणि अडसरापाशी सगळं थांबत होतं. ते चिडले नाहीत, घाई केली नाही, जोर लावायला दुसरं बोट मध्ये घातलं नाही. दिलेला सगळा वेळ ते हात उचलत राहिले. वेळ संपली तरी छर्रा पिस्तुलातच होता, म्हणून नियमाप्रमाणे त्यांनी पंचाला बोलावलं. सुरेखा आली, तिने पिस्तूल घेतलं, लक्ष्याकडे धरून मोकळं केलं. तो छर्रा कुठे लागला हे बघायला कुणी गेलं नाही. मी खांबाआड जाऊन रडलो.

परत येऊन सर खुर्चीत बसले. काकूंनी विचारलं, "लई जड झालं का वो?"

"न्हाई," ते म्हणाले, "बरोब्बर लावलं हुतंस तू."

मग त्यांनी शिरा मागितला आणि काकूंनी तो त्यांना सगळ्यांसमोर भरवला.

त्या दिवाळीनंतर सर गेले. वखार आम्ही काहीजण मिळून चालवतो, पण नवा माणूस आला की त्याला कोणती स्प्रिंग द्यावी ते आमच्यापैकी कुणालाच नीट कळत नाही. माणूस वाचायला सर कुठून आणायचे?

तेराव्याला मी गेलो तेव्हा काकू ओट्यापाशी एकट्याच बसल्या होत्या. मी न राहवून म्हटलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही पिळलात ते बरोबरच केलंत. नियमाबाहेरच्या हलक्या ट्रिगरवर त्यांनी एकही छर्रा मारला नसता."

"ते मला ठाव हाय. म्हनून तर पिळला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "पन इतकी वर्सं सवत सवत करत ऱ्हायले, यकदाबी बघायला गेले न्हाई. मला त्या दिवशी बघायचं हुतं वो, ह्ये कसं मारत्यात."