ओहोळापाशी वळलेला रस्ता

"खांदा बदला रे मेल्याहो! पोर खाली येई ऱ्हायनी!" आजा मागून ओरडत होता.

पोर म्हणजे माझी बहीण. माहेरी बाळंतपणाला आलेली, दोन दिवसांपासून अडलेली. गोधडीची झोळी बांबूला बांधून आम्ही चौघं तिला खाली उतरवत होतो. ओहोळापलीकडे गाडीरस्ता होता, तिथं बैलगाडी उभी केलेली, पुढं स्टेशन, आणि आगगाडीनं नंदुरबारचा डॉक्टर. पण ओहोळापर्यंतची आमची वाट! कावळासुद्धा आमच्या गावी शिदोरी बांधून यायचा. शेळ्या ती वाट उतरताना नवस बोलायच्या.

"दादा, रस्ता लागला का?" झोळीतून बहिणीनं विचारलं.

"हा काय, दिसाले लागना," मी थाप मारली. समोर नुसता कडा होता.

खरं तर रस्ता आमच्या दारात यायचा होता. गावात माणसं काय कमी होती? घराघरांतून पोरं अशी सांडायची की सकाळी ज्या आईनं आपलं पोर बाहेर सोडलं, तिनं संध्याकाळी हाताला लागेल ते घरात घ्यावं. पण आदल्या वर्षी माणसं मोजायला खानेसुमारीचा माणूस येणार अशी हूल उठली, आणि मोजलेलं माणूस वेठीला धरतात, हे आम्हाला पक्कं ठाऊक. दर हिवाळ्यात साहेबांच्या तंबूंची ओझी वाहून आमचे खांदे बैलासारखे झालेले. मग सगळं गाव दरीत जाऊन लपलं. पाळणे नेले, शेरडं नेली, कोंबड्यांच्या चोची धरून बसलो. एका कोंबड्याला तर मी तेव्हापासून आरवताना ऐकलेला नाही. मागं ठेवली फक्त म्हातारी माणसं. त्यांना वेठीला कोण नेणार?

आजानं त्या माणसापुढं असा गळा काढला की झाडावरची वानरं हुंदके द्यायला लागली. "जवान समदा पटकीमा गयात, भाऊ. पोरीबी गयात. आम्ही म्हातारा तेवढा उरनूत." मोजणाऱ्यानं डोळे पुसत लिहून घेतलं. संध्याकाळी आम्ही आजाला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं.

पुढं स्टेशनाकडून खडी टाकत रस्ता आला. आम्ही रोज टेकडीवरून बघायचो. ओहोळापाशी आला आणि शेजारच्या गावाकडं वळला. विचारायला गेलो तर मुकादम म्हणाला, "वर तुम्हना गावमा कोण ऱ्हास? कागदमा तं नुसता मरायले टेकेल म्हातारा."

रस्ता न आलेली ती वाट आता आम्ही तुडवत होतो. बांबू करकरत होता. आजा ओरडायचा थांबला होता. आता तो झोळीला हात लावून चालत होता, आणि त्या हातानं झोळी उचलली जाईल असं त्याला वाटत असावं.

"दादा, लागला का?"

"लागना, बहीण, लागना."

आयुष्यभर मी थापा मारल्या, नदी दरवेळी थोडी रुंद करून सांगितली. तो ओहोळ मात्र गुडघाभरच होता. तो ओलांडला. रस्त्याची खडी पायाला लागली, तेव्हा मी खरं सांगायला वाकलो, "लागना गं, खरंच लागना." तिनं काही विचारलं नाही. गाडीवान खाली उतरला आणि त्यानं बैल सोडून टाकले.

तेरावं झाल्यावर आजा आणि मी कचेरीत गेलो.

"रावसाहेब, आम्हना गावले रस्ता द्या," आजा म्हणाला. "मन्ही नात वाटमा मरी गई. पोटमा पोर व्हतं."

कारकुनानं गावाचं नाव विचारलं, दप्तर काढलं, पान शोधून त्यावर बोट ठेवलं. "इथं तर सगळे म्हातारे आहेत. हे कुणी लिहून दिलं?"

आजानं आपलं बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "मीच सांगेल व्हतं."

कारकुनानं दप्तर मिटलं.

"मग तुमच्या गावात बाळंत होण्याजोगी बाईच नाही."