हलगी थांबेस्तोवर

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला डोंगराशी चिकटून एक वाडी आहे. तिथं सोजराबाईचं नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, "बाई न्हवं, मेख हाय मेख. ठोकली की ठोकली!"

तिचा नवरा सिद्धनाथ टेम्पोवर, आठवड्यातनं एकदा घरी. घरात सासरे सावळाबाबा, मुलगी कोमल आणि हौशा नावाचा बैल. आता या सगळ्यांत जास्त मान कुणाला म्हणाल, तर हौशाला. वाडीच्या बेंदराला, बैलांच्या सणाला, मिरवणुकीत पहिला बैल याच घरचा. तो मारुतीला पोचेपर्यंत बाकीच्या बैलांनी मागनं यायचं, पुढं खूर टाकायचा नाही. आजेपणजेपासूनचा शिरस्ता.

आणि सगळ्यात कमी मान कुणाला, तेही बेंदरालाच कळायचं. मिरवणूक निघाली की कोमलला आत घालून दाराला बाहेरून कडी लावायचे.

कोमल अकरा वर्षांची. बोलत नाही. हाक मारली तर बघेलच असं नाही. कुकरची शिट्टी झाली, एसटीनं हॉर्न मारला, की कानांवर हात आणि मग स्वतःचाच हात चावायचा, वळ उठेस्तोवर. गावानं उपाय सांगून सांगून सोजराबाईचं डोकं उठवलं. कुणी उतारा सांगितला, कुणी दोरा. एकानं तर गाढविणीचं दूध सांगितलं. ती म्हणाली, "तुमी घेतलंय काय लहानपणी? मग नको."

शेवटी ती नसरापूरला गाडी बदलून भोरला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही स्वमग्न आहे. हे उतरवायचं दुखणं नाही, तिची जगण्याची तऱ्हा आहे. आवाज तिला टोचतात. तिचे हात कशात रमतात ते बघा, वाट तिथनं सापडेल."

सोजराबाई बघत राहिली. आणि एकदा काय झालं, ती चुलीला गेरू लावत होती. कोमलनं पाण्याचं फुलपात्र उचललं, त्याचा काठ गेरूत बुडवला आणि भिंतीवर दाबला. लाल कडं उमटलं. त्याला चिकटून दुसरं. मग तिसरं. भिंत भरेपर्यंत पोरीनं हात तोंडाकडं नेला नाही. दुसरी बाई ओरडली असती. हिनं गेरूचं पातेलं पुढं सरकवलं आणि म्हणाली, "ती पलीकडची भिंतबी हाय."

मग काय विचारता! गोठा झाला, रांजण झाला, कोंबड्यांचं खुराडं झालं. दोरीवर वाळत घातलेलं सावळाबाबांचं धोतरही झालं. बाबांना कमी दिसायचं. ते नेसून ऐटीत वेल्ह्याच्या बाजाराला गेले. मागं दोन लाल कडी! बाजारभर पोरं मागं लागली. घरी येऊन म्हातारा म्हणाला, "सोजरा, तुझ्या पोरीनं माझाबी बेंदूर केला!" आणि खोकला येईपर्यंत हसला.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. रंग वाळेपर्यंत थांबायचं असतं, हे कोमलला कळलं. तशी ती जेवायलाही थांबायला लागली. गेरू संपला की फुलपात्र आणून आईच्या हातात ठेवायची. पहिल्यांदा ठेवलं तेव्हा सोजराबाई हातातलं काम टाकून गेरू कालवायला बसली. तोवर पोरीनं आईकडं कधी काही मागितलंच नव्हतं.

त्या सालच्या बेंदराला कोमलनं हौशाला रंगवला. कड्यात कडं, त्यात आणखी एक, दोन्ही कुशींवर. बैल डोळे मिटून रवंथ करत उभा.

तेवढ्यात सिद्धनाथचा चुलतभाऊ मानसिंग आला. "वहिनी, बैल झकास रंगवलाय. आता कारागिराला घाला आत."

"का?"

"का म्हंजे? गेल्या साली कडी लावायची राहिली, तर हलगी ऐकून पोरगी किंचाळत बैलाखाली घुसली. बाबांचं पागोटं चिखलात!"

सावळाबाबा खाली बघत म्हणाले, "घटकाभराचा तर सवाल हाय, सोजरा."

"मग घटकाभर तुमी बसा आत, मामंजी. कासरा मी धरते."

"बाईमाणूस मानाचा कासरा धरणार?" मानसिंग म्हणाला.

"शेण काढाय बाईमाणूस चालतंय न्हवं?"

तिनं वरवंटा आणला आणि सगळ्यांदेखत दाराच्या बाहेरची कडी ठोकून उखडून काढली. दिली उकिरड्यावर फेकून. कोमलच्या कानांवरनं टॉवेल गुंडाळला, हातात काठाला गेरू लावलेलं फुलपात्र दिलं आणि निघाली.

बोळाच्या तोंडाशी वाडीच्या हलगीवाल्या गोरखनं हलगीवर टिपरी मारली. कोमलचा हात तोंडाकडं गेला. सोजराबाईनं कासरा ओढला. हौशा बोळात आडवा उभा राहिला. मागं सगळ्या वाडीचे बैल, वर पावसाची बुरबुर.

"काकू, हला की फुडं!" गोरख ओरडला.

"हलगी थांबव."

"बेंदराला हलगी न्हाई, तर काय ताट वाजवू?"

"काय वाजवू नको. मारुतीपतुर."

मानसिंग मागनं उसळला, "बेंदूर हाय का मयत?"

"मयताला तरी तुमी गप बसता व्हय, भावजी?"

माणसं फिदीफिदी हसली. मानसिंगनं चिडून आपला बैल बाजूनं पुढं काढला. तेव्हा सावळाबाबांचा आवाज चढला. "मानसिंग! शिरस्ता म्हंजे शिरस्ता. हौशाच्या फुडं बैल जायचा न्हाई." मग सुनेकडं वळून म्हणाले, "सोजरा, कासरा सोडू नगंस. आपण रातपतुर उभं राहू."

गोरखनं एकदा बाबांकडं पाहिलं, एकदा आभाळाकडं. "तशीबी भिजून हलगी उतरलीच हाय," असं पुटपुटत त्यानं ती काखेत मारली.

मग हौशा हलला. बोळातनं नुसता घुंगरमाळांचा आवाज. कोमलचा हात हळूहळू खाली आला. पावसानं हौशाच्या कुशीवरचं एक कडं ओघळलं होतं. चालता चालता तिनं फुलपात्र बरोब्बर त्याच जागी दाबलं.

मारुतीपुढं नारळ फुटला. कोमलला घेऊन घराकडं वळता वळता सोजराबाई ओरडली, "गोरख, हां आता! फोड हलगी!"

पुढच्या बाजारी सावळाबाबांनी स्वतः नवी कडी आणली. "आतनं बसव," म्हणाले, "पोरीच्या हाताला येईल अशी. आमचा गोंगाट नको झाला की लावंल तिची ती."

अजून त्या वाडीत हौशा मारुतीला पोचेपर्यंत हलगी वाजत नाही. परवा कुणी पाहुण्यानं विचारलं तर मानसिंग छाती काढून सांगत होता, "आमच्यात असंच असतंय. आजेपणजेपासनं!"

सोजराबाई तिथनंच वैरणीचा भारा घेऊन चालली होती. भारा न उतरवता ती थांबली.

"आजेपणजेपासनं न्हाई, भावजी. माझ्यापासनं."