अकरा गाण्यांचा दंड

अंगाने काडीसारख्या असलेल्या बाईंना स्टुडिओत सगळे गजबाई म्हणत. नवीन माणूस हसला, की त्या सांगत, "गज म्हणजे हत्ती नव्हे रे, व्हायोलिनचा गज." बत्तीस वर्षं त्यांनी तिथे व्हायोलिन वाजवलं. शेजारच्या खुर्चीवर क्लॅरिनेट घेऊन बसायचा तो त्यांचा नवरा.

तो गेला, तेव्हा त्याने वाजवलेली अकरा जुनी गाणी गजबाईंनी इंटरनेटवर टाकली. संगीत कंपनीने ती विकणं केव्हाच बंद केलं होतं. लोकांनी ती फुकट ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा.

कंपनीने खटला भरला. मालक कोर्टात फिरकलाही नाही. त्याचा वकील म्हणाला, "बाईंनी एक पैसा कमावला नाही, मान्य. पण चोरी ती चोरीच." न्यायाधीशांनी कायद्यावर बोट ठेवलं. दर गाण्यामागे ठराविक दंड, गाणी अकरा. कॉम्प्युटर जप्त झाला, व्हायोलिन विकावं लागलं. त्या ज्या शाळेत संगीत शिकवत, तिनेही शिक्षा झालेली शिक्षिका नको म्हणून तास काढून घेतले.

"वहिनी, सोडून द्या आता," नणंद म्हणाली. "मोठ्यांच्या वाटेला कोण जातं?"

"मी जाते," गजबाई म्हणाल्या. त्यांनी मनात डूख धरला.

दीड वर्षाने त्या दाढ दुखते म्हणून दवाखान्यात बसल्या होत्या. भिंतीवरच्या टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली आणि त्या ताडकन उठल्या. ती चाल नवऱ्याची होती, आजारपणात घरी बांधलेली. त्याची छाती कमजोर झाली होती, म्हणून चौथ्या ठोक्यावर तो श्वास घ्यायला थांबायचा. जाहिरातीत व्हायोलिनं वाजत होती, तरी तो थांबा तसाच होता! खाली संगीत देणाऱ्यांचं नाव झळकलं, त्याच कंपनीचं.

"चला, दाढ काढू," डॉक्टर म्हणाले.

"राहू दे. मला आधी दुसरंच काही उपटायचंय."

कंपनीचा संगीत संयोजक नवऱ्याचाच शिष्य होता. गजबाईंना दारात बघून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, सरांची वही माझ्याकडेच राहिली होती. मी मालकांना ईमेलवर कळवलं होतं, चाल सरांची आहे, काकूंना विचारू या. त्यांनी उत्तर दिलं, म्हातारीला काय कळतंय."

"ते उत्तर कोर्टात वाचायचं. नाहीतर पिंजऱ्यात त्याच्या शेजारी तूही उभा राहशील."

"माझी नोकरी जाईल, काकू."

"माझीही गेली."

गजबाईंनी त्याच कायद्याखाली दावा लावला. मग मालक स्वतः घरी आला, जाड पाकीट घेऊन. "आपण घरचीच माणसं, बाई."

"घरच्या माणसाला नोटीस धाडतात होय?" त्यांनी पाकिटाला हातही लावला नाही.

कोर्टात त्यांनी जाहिरात लावायला सांगितली. चौथा ठोका आला तशी विचारलं, "व्हायोलिनला श्वास लागत नाही. मग इथे कोण थांबलंय?" शिष्याने ईमेल वाचला, तेव्हा मालकाने दोनदा कपाळ पुसलं. गजबाईंनी ते डोळे भरून पाहिलं.

निकाल त्यांच्या बाजूने लागला. जाहिरात बंद झाली, पण चाल एक म्हणून दंडही एकच, गजबाईंना दर गाण्यामागे झाला होता तेवढाच. मालकाने बाहेर उभ्याउभ्याच चेक लिहून दिला आणि गाडीत बसला.

"आता तरी निवलात ना?" नणंदेने विचारलं.

"कसली निवते! ज्या दंडाने माझं घर बसलं, त्याने याला ओरखडाही नाही. सारखा दंड म्हणजे सारखा न्याय होय?"

शिष्याची नोकरी आठवड्याभरात गेली. गजबाईंना वाईट वाटलं, पस्तावा मात्र झाला नाही. ऐपतीप्रमाणे दंड व्हावा म्हणून त्यांनी अपील केलं. ते अजून चालू आहे. कोर्टाच्या हुकमाने दर तारखेला मालकाला जातीने हजर राहावं लागतं, आणि गजबाई अर्धा तास आधीच जाऊन त्याच्या समोरचं बाक धरतात.