'तुराटी'तली बिननावाची कविता

चंपत आपल्याला किती कमी ठाऊक होता, हे मार्तंडला मित्राच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कळलं. इतक्या वर्षांची दोस्ती, पण चंपतची एक कविता दाखवा म्हटलं तर त्याला दाखवता येईना.

विचारत होती पंचफुला, चंपतची बायको. हुडकेश्वरच्या घरात तिनं 'तुराटी'चे जुने अंक सतरंजीवर मांडले होते.

"भाऊजी, याच्यातलं त्यायचं कोणतं हाये, तेवढं सांगा. मले वाचता येत नाई. पन एक तरी मालूम असावं ना."

'तुराटी', म्हणजे तुरीची वाळकी काडी, हे त्या दोघांच्या अनियतकालिकाचं नाव. एकाहत्तर साली निघालं, आणीबाणीत बंद पडलं. चंपत हिंगण्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर, मार्तंड एका शाळेत कारकून. महाल भागातल्या टायपिंग क्लासचं सायक्लोस्टाइल मशीन त्यांना रविवारी वापरायला मिळे. दोघं शाईनं कोपरापर्यंत काळे होत. पुण्या-मुंबईच्या गुळगुळीत मासिकांचा त्यांना राग होता. तिथं आधी नाव बघतात, मग कविता. म्हणून चंपतनं नियम काढला, 'तुराटी'त कवितेखाली नाव नाही.

"तुराटी पेटली का कोनाच्या वावरातली होती, हे कोनी इचारते का बे?"

"अरे, पण आपल्याला तरी कळू दे!"

"काहून? तू काय इन्स्पेक्टर हायेस?"

आलेल्या कविता चंपत स्वतः स्टेन्सिलवर उतरवी आणि मूळ कागद चुलीत घाली. स्वतःच्याही त्यातच मिसळून देई. त्या कोणत्या, हे त्यानं कधी सांगितलं नाही. मार्तंडनंही पुढं विचारणं सोडलं. विचारू कधीतरी, असं वाटे. मग मागच्या महिन्यात चंपत कामावरच छाती धरून बसला, तो उठलाच नाही.

मार्तंड एकेक कविता वाचू लागला. पंचफुला भिंतीला टेकून ऐकत होती. एका कवितेत शिव्याच शिव्या होत्या. ती ओलं हसली.

"हे नाई. शिव्या कुठच्या, ते म्हशीलेबी 'सरका जी' म्हनत."

पुढची विहिरीवरची होती. "हेबी नाई. विहिरीचं त्यायले लय भेव."

असे तीन अंक सरले. चौथ्यात एक लहानशी कविता होती. बाई दाराशी बसली आहे, ताट झाकून ठेवलं आहे. कंपनीची बस येते, माणसं उतरतात, बस निघून जाते. बाई उठत नाही. ताटावर दुसरं ताट आणून झाकते.

पंचफुलानं पदर तोंडाला लावला.

"हे. हे त्यायचं हाये. मी अशीच बसो, भाऊजी. मले वाटे, त्यायचं ध्यानच नाई."

मार्तंडच्या हातात अंक तसाच राहिला. ती कविता त्याची स्वतःची होती. एका दुपारी तो इथं जेवायला आला होता आणि चंपतला ओव्हरटाइम लागला होता. तेव्हा त्यानं अंगणातून जे पाहिलं, ते लिहिलं. इतका संकोच की कविता निनावी, पोस्टानं पाठवली. चंपतनं ती वाचून एवढंच म्हटलं होतं, "चांगली हाये गा. कोन्या बाईनं लिवली असन."

"त्यायचीच ना, भाऊजी?"

"हो, वहिनी. त्याचीच."

त्यानं खिशातली पेन्सिल काढून कवितेखाली चंपतचं नाव लिहिलं. 'तुराटी'त कवितेखाली आलेलं ते पहिलंच नाव. पंचफुला त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"अन् अखेरचं काय बोलले तुमच्यासंगं?" तिनं विचारलं.

इथंही काहीतरी चांगलं सांगावं, असं मार्तंडच्या मनात आलं. पण आणखी एक खोटं त्याला जमेना. घडलं तेच त्यानं सांगितलं. बर्डीच्या चौकात कंपनीची बस उभी होती. चंपत डबा काखेत धरून पायरीवर चढला होता.

"रविवारी जेवायला येऊ का रे?" मार्तंडनं खालून विचारलं होतं.

"ये ना गा. पन उशिरा ये, माही डबल ड्यूटी हाये."

"वहिनीला सांगून ठेवशील ना?"

"तिले काय सांगाचं? ते तं बसूनच राह्यते दाराशी."