सोजराबाईच्या दारातला सोफा

खुटबावात कशालाही डाग पडला की सोजराबाईच्या दारात जायचं, असा रिवाजच होता. ग्रीसला रॉकेल, तेलाला ज्वारीचं पीठ, गंजाला लिंबू-मीठ. हे सगळं ती फुकट सांगायची. बदल्यात फक्त "काकू, तुमच्याबिगर जमायचं न्हाई" एवढं ऐकून घ्यायची. आणि कुणी म्हणायला विसरलं, तर आठवण होईपर्यंत त्याला चहा पाजायची.

तिचं सगळं बरं चाललं होतं, पण समोरच्या घरात सोफा आला.

समोर म्हणजे एकाच अंगणाच्या पलीकडं, धाकट्या जावेकडं. भामाबाईनं लेकाच्या, इंद्रजीतच्या लग्नात सायीच्या रंगाचा ऐसपैस सोफा घेतला. तो टेम्पोतून उतरताना सोजराबाईनं खिडकीतून पाहिला आणि त्या दिवशी तिच्या एकाही भाकरीला पापुद्रा आला नाही. भामा बसायचा आग्रह करायची, तर ही मुद्दाम खाली फरशीवर टेकायची. "नगं गं. मऊ बसलं की माझी कंबर धरती." कंबरेला काही झालं नव्हतं. दुखणं सगळं डोळ्यांत होतं.

तसं हे दुखणं जुनंच. भामाच्या दारात कडुलिंबाचं झाड, त्याची गार सावली. सोजराबाईच्या दारात दिवसभर नुसतं ऊन. त्या सावलीवरही तिचा राग होताच, पण झाडाला कुणी बघायला येत नाही. सोफ्याला पाव्हणे येत होते.

लग्नानंतर भामाकडं जागरण-गोंधळ झाला. चारचौघांना दिसावा म्हणून भामानं त्याच दिवशी सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं, आणि येळकोटाच्या गजरात मूठमूठ भंडारा उधळला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच सोजराबाईला हाक आली. सोफ्याच्या मधोमध परातीएवढा डाग, आणि तोही लालभडक.

"साबण लावला का गं?"

"लावला," नवी सून वैष्णवी पुटपुटली. "पिवळा होता, मोठ्या आत्या. चोळला तसा लाल झाला."

"हळदीला साबण लावत्यात व्हय? आईनं शिकिवलं न्हाई?"

"तिला नका बोलू, आक्का," भामा रडवेली झाली होती. "मीच म्हनले चोळ. देवाचा भंडारा, त्याला डाग म्हनता येईना, आन् ऱ्हाऊ बी देता येईना."

सोजराबाईला वाटलं, देव कधीकधी थोरल्या जावेकडंही बघतो. उपाय तिच्या ओठावर होता. लिंबाचं पाणी मारायचं आणि कडक उन्हात ठेवायचं. उन्हापुढं हळद टिकत नाही. पण सोफ्याची गादी सुटी नव्हती. म्हणजे अख्खा सोफा बाहेर काढायचा, आणि डेअरीला जाणाऱ्या सगळ्या गावानं तो डोळे भरून बघायचा! आजवर निदान भिंतीआड होता.

"अवघड हाय," ती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता. इंद्रजीतनं लगेच मोबाईल काढला. "मग केडगावच्या मशिनवाल्याला बोलावतो. घरी येऊन सोफा धुत्यात. लई भारी काम हाय म्हनं त्याचं."

सोजराबाईनं मनात हिशोब मांडला. आज मशीन सोफ्यावर फिरणार, उद्या गावातल्या गाद्यांवर, परवा तिच्याकडं कोण येणार? सोफा वाईट होता, पण मशीन त्याहून वाईट.

"ठिव त्यो फोन खिशात. लिंबं आन चार, आन् उचला सोफा."

"कुठं ठिवायचा?"

"तुझ्या दारात ऊन हाय का? माझ्या दारात ठिव."

लिंबू लागताच लाल पिवळा झाला. आता फक्त ऊन. शेरडं आणि कोंबड्या हाकायला सोजराबाई काठी घेऊन उभी राहिली. पहिला आला तो हौसराव, मोटारसायकलला दुधाच्या किटल्या अडकवून.

"काकू! सोफा घेतला व्हय? झ्याक हाय की!"

सोजराबाईनं तोंड उघडलं. मिटलं. "ऊन दावतीया जरा," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

मग अनसाबाई आली. तिनं हात फिरवून बघितला. "गुपचूप घेतलास व्हय गं? आमी काय नजर लावनार हुतो?" असं म्हणताना तिचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. ते तोंड सोजराबाईनं बरोबर ओळखलं. महिनाभर ती तेच आरशात बघत होती. त्याचं इतकं सुख झालं की पाय आपोआप वाकले आणि ती सोफ्याच्या कोरड्या कोपऱ्यावर टेकली. डोक्यावर पदर, हातात काठी, वरून भाजणारं ऊन. उठवेना.

ऊन कलल्यावर भामा आली. वाकून वाकून बघितलं. डाग कुठं होता तेसुद्धा कळेना.

"आक्का, पार गेला की! तुमच्याबिगर जमलं नसतं."

"कुठं गेला? तुला दिसत न्हाई. अजून एक ऊन खाऊ दे."

भामानं स्वच्छ सोफ्याकडं पाहिलं. मग काठी टेकून बसलेल्या जावेकडं.

"व्हय, हाय की जरासा," ती म्हणाली. "सरका वाईच." शेजारी बसून तिनं हळूच विचारलं, "आन् कंबर?"

"उन्हानं मोकळी झाली," सोजराबाई म्हणाली आणि जावेपुरती सरकली.