इक्बालभाईंची बिनजोडीची मडम

माणूस कफलिंक घालायला लागला की किस्से त्याच्याकडे आपोआप येतात. शोधावे लागत नाहीत, उलट टाळावे लागतात! त्यात गाव सोलापूर. एप्रिलमध्ये इथे अर्धी बाहीसुद्धा जड होते, आणि आम्ही चौघं दुमडलेल्या कफचे फुल शर्ट घालून हिंडतो. का? तर त्या कफला बटण नसतं. दोन्ही बाजूंची काजं जोडायला छोटासा दागिना लागतो, तोच कफलिंक. आम्हाला तो जुनाच लागतो. आजोबांच्या काळातला, चांदीचा, शिंपल्याचा, मिन्याचा.

चौघं म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे इक्बालभाई, शाळांचे गणवेश शिवून देणारे सत्यनारायण अण्णा, मैंदर्गीचे धान्याचे व्यापारी मल्लिनाथप्पा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळणारा मी. दर रविवारी सकाळी इक्बालभाईंच्या दुकानात बैठक. मला रोजनिशीची सवय, म्हणून टिपून ठेवायचं काम माझ्याकडे.

*

पहिल्यांदा कफलिंक घालून मी कॉलेजात गेलो तेव्हा आमचे हेडक्लार्क बराच वेळ माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "शुगरचं आहे ना हे? सुई न टोचता आकडा कळतो म्हणे!"

"नाही हो, कफलिंक आहे. दागिना."

"लपवू नका. मलाही आहे!"

मी खूप समजावलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कारल्याच्या रसाची कृती सांगितली. त्या दिवसापासून कॉलेजात कुणाचाही वाढदिवस असो, पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलाला वळसा घालून जातो!

*

तसले शर्ट तयार मिळेनात, तेव्हा अण्णा म्हणाले, "माझ्या कारखान्यात शिवतो की! त्यात काय?" चौघांच्या मापाचं कापड त्यांनी स्वतः कापलं, काजं पाडून घेतली आणि एका लग्नासाठी हैदराबादला गेले.

परत आले तर शर्ट इस्त्री करून तयार. प्रत्येक कफवर शाळेच्या गणवेशाची पांढरी बटणं, आणि जास्तीची काजं सुबकपणे शिवून बंद!

"अय्यो देवुडा! हे काय केलं?" अण्णा ओरडले.

बावीस वर्षं गणवेश शिवणारे त्यांचे कारागीर शांतपणे म्हणाले, "अण्णा, तुमी लग्नाच्या घाईत होता. दोन्ही बाजूला काजंच पाडून ठेवली होती. कुणाला सांगितलं न्हाय मी. निस्तरलं गुपचूप!"

*

आता इक्बालभाईंच्या मडमेबद्दल सांगायला हवं.

आमच्याकडे पत्र्याचा एक डबा आहे. त्याचं नाव 'विधुरांचा डबा'. जोडी हरवलेला कफलिंक कुणालाही सापडला की तो त्या डब्यात टाकायचा, फेकायचा नाही, असा नियम. फक्त इक्बालभाई आपला एक त्यात टाकत नाहीत. तो त्यांच्या अब्बांचा. अब्बा लग्नाच्या बँडचे मास्तर होते, क्लॅरिनेट वाजवायचे. चांदीच्या गोल चकतीवर निळा मिना आणि त्यात पांढऱ्या मडमेचा चेहरा, डावीकडे बघणारा. उजवीकडे बघणारी तिची जोडीदारीण वैरागच्या एका लग्नात वाजवताना पडली, ती पडलीच.

यंदा इक्बालभाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. "अब्बा होते तर त्यांनीच वाजवलं असतं," ते म्हणाले. "ते तर होणार नाही. पण निकाहच्या वेळी माझ्या दोन्ही हातांत त्यांचे कफलिंक पाहिजेत. बस, एवढंच!"

आम्ही तिघांनीही मडमेचा फोटो आपापल्या मोबाइलमध्ये घेतला आणि कामाला लागलो.

*

मंगळवार बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्या एका मावशींना मी फोटो दाखवला. त्यांनी तो जवळून बघितला, लांबून बघितला आणि विचारलं, "कधीपासनं गायब हाय?"

"साठ-पासष्ट वर्षं झाली असतील."

"आन् पोरीचं वय?"

"मावशी, ही मुलगी नाही. शर्टाला लावायची वस्तू आहे!"

मावशींनी फोन माझ्या हातात ठेवला. "असं बोलू ने दादा कुणाच्या पोरीबद्दल!"

*

शोध चालू असताना मल्लिनाथप्पांनी वेगळाच घोळ घातला. मैंदर्गीत भावकीतल्या साखरपुड्याला ते माणकाचे कफलिंक घालून हुग्गी वाढायला उभे राहिले. हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, आमच्याकडच्या लग्नकार्यातली मानाची. दोन पंगती वाढून झाल्यावर बघतात तर डावा कफ मोकळा!

अप्पांनी पातेल्यात बघितलं आणि मांडवाच्या मधोमध उभं राहून कन्नडमध्ये आणि मराठीत जाहीर केलं, "सावकाश जेवा! दाताला कडक लागलं तर गिळू नका, हात वर करा!"

लोक डोळे मिटून एकेक घास चघळू लागले. दोघांनी हात वर केले. एकाला खोबऱ्याचा तुकडा लागला होता, दुसऱ्याचा स्वतःचा दात निघाला होता!

कफलिंक सापडला अप्पांच्याच बाहीच्या दुमडीत. आचारी मात्र खूश. "अप्पा, जलमात माझी हुग्गी कुणी इतकी मन लावून खाल्ली न्हवती!"

*

आणि मग वैराग.

अण्णा तिथल्या एका शाळेत गणवेशाची मापं घ्यायला गेले होते. त्यांनी सवयीनं शिवणाच्या बाईंना फोटो दाखवला. बाई किंचाळल्याच. "अवो, ही तर आमच्या आत्याबाईंची म्हाळसा!"

पुढच्या रविवारी आम्ही चौघं आत्याबाईंच्या दारात. वय ऐंशीच्या पुढं, आवाज खणखणीत. देव्हाऱ्यात खंडोबाचा चांदीचा टाक, आणि त्याच्या उजव्या हाताला हळदीकुंकवाने माखलेली मडम! उजवीकडे बघणारी!

"माज्या लग्नातली हाय," आत्याबाई म्हणाल्या. "सोलापूरचा बँड आणला हुता. दुसऱ्या दिशी खंडोबाचं जागरण. मांडवातल्या अक्षता झाडाया लागले, तर त्यात ही! जागरणाच्या दिशी बाईचा मुखडा घावतो म्हंजी म्हाळसाच की! तवापासनं पूजते."

इक्बालभाईंनी खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि आपली मडम पुढं धरली. लग्नाचं कसं सांगावं, वस्तू कशी मागावी, याची आम्ही वाटेत चांगली तयारी केली होती. पण आत्याबाईंचा चेहराच उजळला.

"दुसरी तुमच्यापाशी हाय? अवो, मग द्या की! म्हाळसा हाय आन् बाणाई न्हाय. देव किती वर्सं एका अंगाला झुकल्यावानी दिसतोय!"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघू लागलो. इक्बालभाई अंगठ्याने मडमेचा चेहरा चोळत राहिले. मग त्यांनी ती आत्याबाईंच्या तळहातावर ठेवली.

परतताना जीपमध्ये अप्पांनी विचारलं, "आपण आणायला गेलो होतो का पोचवायला?"

"नक्को यार, जाऊ दे," इक्बालभाई म्हणाले. "दोघी एका घरात आल्या ना! बस."

निकाहच्या दिवशी त्यांनी विधुरांच्या डब्यातले दोन कफलिंक घातले. एक चौकोनी, एक गोल. हॉल भरला, काझीसाहेब येऊन बसले, आणि दारात वैरागची जीप थांबली. नातसुनेचा हात धरून आत्याबाई उतरल्या; अण्णांनी शिवणाच्या बाईंना सांगितलेली लग्नाची आणि अब्बांच्या कफलिंकची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती. कमरेच्या पिशवीतून त्यांनी पुडी काढली. त्यात दोन्ही मडमा!

"देवाला इचारून आले," त्या इक्बालभाईंना म्हणाल्या. "म्हणलं, दोघींच्या म्हायेरी लगीन हाय, पाठवू का? सांजच्या दिव्याला परत न्यायच्या हायत बरं! घाला बिगी बिगी!"

अण्णांनी चौकोनी आणि गोल काढून मडमा लावून दिल्या. पांढऱ्या कफवर हळद उतरली. कुणीतरी पुसायला गेलं तर इक्बालभाईंनी हात मागं घेतला.

आत्याबाई बायकांच्या बाजूला, सगळ्यात पुढच्या खुर्चीत बसल्या. नवरीकडे नाही, नवऱ्याकडे नाही, साऱ्या निकाहभर त्यांची नजर इक्बालभाईंच्या मनगटांवर!

"कबूल है" झालं. दुआसाठी सगळ्यांनी हात उचलले. इक्बालभाईंचेही दोन्ही हात वर गेले, आणि दोन्ही मडमा दिव्यांच्या उजेडात लख्खकन चमकल्या.

आत्याबाई खुर्चीतून उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि त्या कफांकडे बघत त्यांनी हात जोडले.