त्रेसष्टाव्या पानावरची खूण

रुपराव गेले तेव्हा घरात वाचनालयाची दोन पुस्तकं होती. एक त्यांच्या बायकोसाठी, मनकर्णासाठी आणलेली सामाजिक कादंबरी, दुसरी त्यांची रहस्यकथा. तेरवी झाली, मौद्याचे पाहुणे आपापल्या बसने परत गेले आणि ती दोन पुस्तकं रेडिओवर तशीच पडून राहिली. दीड महिना मनकर्णा त्यांच्याकडे येता-जाता पाहत होती. परत करायची म्हणजे सक्करदऱ्याच्या वाचनालयात जायचं, आणि अठरा वर्षांत त्या वाचनालयाची पायरी ती एकदाही चढली नव्हती.

चढायची गरजच पडली नव्हती. रुपराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरीला. दर शनिवारी सायकलच्या हँडलला कापडी पिशवी अडकवून ते नंदनवन वस्तीतल्या घरी यायचे, आणि पिशवीत दोन पुस्तकं असायची. एका कार्डावर दोनच मिळत. एक तिला, एक स्वतःला. त्यांचा सभासद क्रमांक त्रेसष्ट. त्या वाचनालयात एक रीत पडून गेली होती. ज्याचा जो क्रमांक, त्या पानावर त्यानं आपली खूण करायची, म्हणजे वाचलेलं पुस्तक विसरून पुन्हा घरी येत नाही. रुपराव त्रेसष्टाव्या पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल काढत. मनकर्णाला पेन्सिल शोधण्याचा कंटाळा. पुस्तक संपलं की ती पदराची पिन काढायची आणि त्या गोलाशेजारी एक टोचा मारायची. तिच्या समजुतीनं गोल म्हणजे पुस्तक घरी आलं, आणि टोचा म्हणजे तिनं ते वाचलं. हिशेब सोपा होता.

सोपा नव्हता तो रुपरावांचा वेळ. शनिवारी आणायच्या दोन पुस्तकांसाठी हा माणूस आठवडाभर रोज संध्याकाळी तास-तास वाचनालयात काढायचा. भाकरी गार व्हायची, आणि मनकर्णाचं डोकं तापायचं.

"पुस्तक निवडता का बैलजोडी घेता जी? दात मोजूनच आणता काय?"

"निवडा लागते," ते म्हणायचे. हात धुवायचे आणि पाटावर बसायचे. यापुढे त्यांच्या तोंडून शब्द काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

ही पुस्तकं घरात आली कशी, ते आधी सांगायला हवं. लग्नानंतर सहा वर्षं वाट पाहून त्यांना मुलगी झाली होती, प्रेमिला. चौसष्ट साली ती चार वर्षांची असताना घटसर्पानं गेली. त्यानंतर मूल झालं नाही. मनकर्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रुपरावांना समजूत घालता येत नव्हती, देवाधर्माचं बोलता येत नव्हतं. बायको चौथी शिकलेली आहे एवढं त्यांना आठवलं. त्यांनी वाचनालयात नाव घातलं आणि एक कादंबरी आणून तिच्या उशाशी ठेवली. तिनं ती अर्धी वाचली, मिटली आणि धान्याच्या कोठीमागे टाकून दिली. तीन दिवस जेवली नाही. रुपरावांनी काही विचारलं नाही. कोठीमागून पुस्तक काढलं, धूळ पुसली, परत करून आले.

महिन्यानं दुसरं आणलं. ते तिनं पुरं वाचलं. मग तिसरं. मग शनिवार उजाडला की तिचं लक्ष सायकलच्या घंटीकडे लागायला लागलं. माणसं देवळात जाऊन उठतात, मनकर्णा कादंबऱ्या वाचून उठली.

दोघांची आवड मात्र एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या जावांसारखी होती. तिला घरसंसाराच्या गोष्टी हव्यात. सासुरवास, दुरावलेले नवरा-बायको, वीस वर्षांनी भेटलेले भाऊ. त्यांना खून, तिजोऱ्या, काळ्या मोटारी.

"तुमच्या पुस्तकात दर चार पानाले मुडदा पडते," ती म्हणायची.

"पन कोनं मारलं ते सापडते न शेवटी," ते म्हणायचे. "तुह्यी ती रडक्या बायांची पुस्तकं. मी हात नाई लावत त्याले."

जेवताना ती त्यांना कादंबरीची गोष्ट सांगायची. अगदी रंगात यायची. ते खाली मान घालून ऐकायचे, हूं म्हणायचे, पण पुढे काय झालं असं चुकूनही विचारायचे नाहीत. याचा तिला राग यायचा. एवढ्या ओढीनं सांगावं आणि समोरच्याला शेवटाची उत्सुकताही नसावी, म्हणजे काय?

तर शेवटी दीड महिन्यानं ती दोन पुस्तकं पदराखाली घेऊन मनकर्णा वाचनालयात गेली. खोली एकच, पण छतापर्यंत फळ्या. दाराशी टेबलामागे बापूजी, वाचनालय त्यांचंच. त्यांनी पुस्तकं घेतली, रुपरावांसाठी दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "कार्ड चालू आहे बाई. घेऊन जा नवीन. काय देऊ? सामाजिक, ऐतिहासिक, रहस्य, भुताखेताच्या, विनोदी, सगळं आहे."

मनकर्णा फळ्यांपुढे उभी राहिली आणि तिला घाम फुटला. आयुष्यभर वाचत आलेल्या बाईला एक पुस्तक निवडता येईना. नावं वाचली, चित्रं पाहिली. सगळीच बरी वाटली आणि कशाचाच भरवसा वाटेना.

"ते आणत होते तसंच द्या," ती म्हणाली.

"त्यांना मी कधी दिलं नाई. ते सोताच काढत."

तेव्हा तिला त्रेसष्टावं पान आठवलं. एक पुस्तक काढून तिनं पान उघडलं. गोल होता, शेजारी तिचा टोचा. दुसरं उघडलं. काहीच नाही, कोरं. ते तिनं विंचू दिसल्यासारखं परत ठेवलं. मग ती रहस्यकथांच्या फळीकडे गेली. तिथं पुस्तकामागून पुस्तक गोल होते आणि टोचे नव्हते. या त्यांच्या एकट्याच्या वाटा. ज्या पानांवरून त्यांचे डोळे गेले त्यावरून आपलेही जातील, एवढंच तिला हवं होतं. गोष्टीत काय आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

तो उन्हाळा आणि त्यापुढचा पावसाळा मनकर्णानं खून आणि तिजोऱ्यांमध्ये काढला. ज्यांची नावं घेऊन ती नवऱ्याला हिणवायची, तीच पुस्तकं ती दर शनिवारी नेऊ लागली. गोष्ट सांगायला समोर कुणी नव्हतं. कधी भाकरी थापता थापता ती म्हणायची, "तो मुनीमच निघाला न शेवटी," आणि मग तिच्या ध्यानात यायचं की आपण पाटाकडे पाहून बोलून राहिलो. त्या पाटावर आता पाण्याचा गुंड ठेवलेला असायचा. अशा वेळी तिला त्यांची इतकी आठवण यायची की तवा उतरवून ठेवावा लागायचा.

दिवाळीनंतर एका शनिवारी तिनं सहज सामाजिक कादंबऱ्यांची फळी चाळली. एका पुस्तकात त्रेसष्टाच्या आकड्याभोवती गोल होता. टोचा नव्हता. नाव ओळखीचं वाटेना. तिनं चार पानं वाचून पाहिली. हे पुस्तक तिनं वाचलेलंच नव्हतं. ते घरी आलंच नव्हतं.

तिनं दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. तासाभरात अशी सहा निघाली. सहाही बायकांच्या गोष्टी. रडक्या बायांच्या, ज्यांना ते हात लावत नव्हते.

मनकर्णा रिकाम्या हातानं घरी आली. गोल म्हणजे घरी आणलेलं पुस्तक. आपल्या घरी आलं नाही, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या घरी गेलं. आपल्या कार्डावर दुसऱ्या बाईसाठी कादंबऱ्या निवडल्या जात होत्या, आणि आपण भाकऱ्या गार करत बसत होतो. तो रोजचा तास. निवडा लागते म्हणे. आता हसू येईल कुणाला, पण अठरा वर्षं ज्या एका गोष्टीवर बाई उभी असते, ती हलली की काय होतं हे हसणाऱ्याला ठाऊक नसतं. तिला एकदम सिंधूताई आठवल्या. पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरीण, वाचनालयाच्याच सभासद, एकट्या राहणाऱ्या. रुपराव गेल्यावर भेटायला आल्या तेव्हा डोळे पुसत म्हणाल्या होत्या, "फार वाचायचे हो रुपराव." यांना कसं माहीत, फार वाचायचे ते?

आठवडाभर सिंधूताई रस्त्यात दिसल्या की मनकर्णा तोंड फिरवायची. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे तिला सगळ्यांत जास्त झोंबत होतं.

पुढच्या शनिवारी तिनं ती सहा पुस्तकं काढून बापूजींच्या टेबलावर आपटली.

"ही माह्या घरी कधी आली नाईत. कोनाच्या घरी गेली ते सांगा."

बापूजींनी चष्मा लावला, एकेक पुस्तक उघडून पाहिलं. "कुठंच नाई गेली बाई. ही त्यांनी इथंच वाचली. त्या बाकावर." त्यांनी खिडकीजवळचं लाकडी बाक दाखवलं. "तुमच्यासाठी न्याचं पुस्तक ते आधी इथं बसून पुरं वाचत. रोज थोडं थोडं. पुरं झालं की गोल काढत. मग पटलं तर शनिवारी नेत, नाई तर फळीवर ठेवून देत. म्हणत, हे नको, बापूजी."

"काहून नको?"

"ते नाई सांगितलं. मी म्हनलं, चांगलं आहे की हे, लोक रांग लावतात. तर फक्त मान हलवली."

मनकर्णा ती सहा पुस्तकं घेऊन त्या बाकावर जाऊन बसली. वरचं पुस्तक उघडलं आणि वाचत गेली. लग्न झालं, बिऱ्हाड झालं, मुलगा झाला. एकशे दहाव्या पानावर मुलाला ताप आला. तिनं पुस्तक मिटलं. दुसरं घेतलं. ते वाचलं नाही, नुसतं चाळत गेली आणि विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या पोरीपाशी थांबली. तिसऱ्यात बाळंतपण होतं. चौथं तिनं उघडलंच नाही.

कोठीमागे टाकलेली ती पहिली कादंबरी तिला आठवली. त्यातलं लेकरू बापाच्या मांडीवर गेलं होतं, म्हणून तिनं ती मिटली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. धूळ पुसता पुसता रुपरावांनी ते पुस्तक वाचलं असणार.

आणि तिला कळलं की अठरा वर्षांत तिच्या एकाही कादंबरीत लेकरू मेलं नव्हतं. नवरे सोडून गेले होते, घरं जळली होती, भावाभावांनी वाटण्या घातल्या होत्या, पण लेकरं सगळी मोठी झाली होती. तिला वाटायचं, कादंबरी लिहिणारे असंच लिहितात.

बाकावर बसून ती रडली. वर्तमानपत्र वाचणारे दोघं-तिघं म्हातारे उठून बाहेर जाऊन उभे राहिले. तिला वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिच्यापर्यंत येऊ न दिलेलं ते सगळं या माणसानं एकट्यानं वाचलं होतं. ताप, विहीर, बाळंतपण, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग सायकल काढून घरी यायचे, हात धुवायचे, तिच्या गार भाकऱ्या आणि तिचे टोमणे खायचे. प्रेमिला त्यांचीही होती. तिच्यासाठी ते निवडत होते, त्यांच्यासाठी निवडणारं कुणी नव्हतं. म्हणून तर ते त्या मुडद्यांच्या पुस्तकांकडे जात असतील. तिथं मरणारे मोठे असतात, आणि कोणी मारलं ते शेवटी सापडतं.

त्यांना पुढे काय झालं हे विचारावं लागत नव्हतं. त्यांना माहीत असायचं. जेवताना ते तिच्या तोंडाकडे पाहत होते, गोष्टीकडे नाही. हे आता कळून काय उपयोग, असं तिच्या मनात आलं, आणि एकदा, फक्त एकदा पाटावर बसून ते पुन्हा हूं म्हणाले असते तर तिनं हातातलं सगळं देऊन टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सिंधूताईंकडे गेली. काही कबूल केलं नाही, ताटलीभर सांबारवड्या, कोथिंबिरीच्या, तेवढ्या देऊन आली.

सोमवारी ती परत वाचनालयात आली आणि बापूजींना म्हणाली, "रहस्यकथा नवीन आल्या असतील न? त्यांनी न वाचलेल्या."

सात-आठ आल्या होत्या. सगळ्यांचं त्रेसष्टावं पान कोरं होतं. आता तिला कोऱ्या पानाची भीती वाटली नाही. एक तिनं दहा पानांत ठेवून दिली, खुनी तिला आधीच कळला. एकीत लहान पोर पळवलं होतं, ती बाजूला. तिसरी ती बाकावर बसून रोज संध्याकाळी तासभर वाचत राहिली. शनिवारी शेवटचं पान झालं. तीन मुडदे, तिघंही मोठी माणसं, आणि मारणारा पकडला गेला होता.

बापूजी वाचनालय बंद करायला दाराच्या फळ्या लावत होते. "एका पुस्तकाले आठवडा लागला बाई?"

"निवडा लागते जी," मनकर्णा म्हणाली.

घरी येऊन तिनं पाटावरचा पाण्याचा गुंड खाली ठेवला, पाट पुसला. रुपरावांची पेन्सिल त्यांच्या ऑफिसच्या डब्यात तशीच होती. तिनं त्रेसष्टाच्या आकड्याभोवती बारीक गोल काढला. टोचा मारला नाही. पुस्तक त्यांचं होतं.